रिव्हिएरावरच्या पडीक बागेतील मांसल वनस्पती कशा ओळखाव्यात

इटलीच्या लिगुरिया प्रांतात, फ्रान्सच्या सरहद्दीला लागून समुद्रात उतरणाऱ्या, रिव्हिएरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्याच्या डोंगरांवर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी धनिकांनी हौसेने अनेक बागा उभ्या केल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली बाग वेंतिमिल्याजवळच्या ला मोर्तोला येथे आहे. शांघायच्या व्यापारात संपत्ती मिळवलेल्या थॉमस हॅनबरी यांनी १८६७ साली ती जागा विकत घेतली, औषधशास्त्राचे जाणकार असलेले त्यांचे बंधू डॅनियल यांनी तिला वनस्पतिशास्त्राची दिशा दिली, लुडविग विंटर या जर्मन माळ्याने तिची आखणी केली आणि १८९७ ते १९१४ या काळात आल्विन बर्गर यांनी तिथल्या मांसल, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या, वनस्पतींचा इतका बारकाईने अभ्यास केला की घायपाताच्या कुळावरचे त्यांचे काम आजही संदर्भासाठी काढले जाते. ही बागसुद्धा दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली होती. १९६० साली ती इटलीच्या सरकारकडे गेली आणि आता जेनोवा विद्यापीठ तिची देखभाल करते. तिच्या आसपासच्या ज्या लहानमोठ्या खासगी बागांना असा कोणी वाली मिळाला नाही, त्या मात्र अजूनही काटेरी झुडपांखाली गाडलेल्या अवस्थेत सापडतात. हा लेख अशा बागांविषयी आहे.

पडीक बागेत वनस्पती ओळखणे हे रोपवाटिकेत ओळखण्यापेक्षा अवघड असेल, असा पहिला समज होतो, आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. चाळीस-पन्नास वर्षे ज्या बागेला पाणी, खत, छाटणी यांतले काहीही मिळालेले नाही, तिथे मूळ लावलेल्या शेकडो जातींपैकी बहुतेक मरून गेलेल्या असतात आणि मागे उरतात त्या दोनच प्रकारच्या वनस्पती: बुंध्याशी फुटवे देत पसरणाऱ्या, किंवा मोडून पडलेल्या तुकड्यालाही मुळे फुटणाऱ्या. त्यामुळे उमेदवारांची यादी आपोआप आखूड होते. दुर्मीळ नाव शोधण्याच्या मोहात न पडता, समोरची वनस्पती या आखूड यादीतली कोणती, असा प्रश्न विचारत गेले, तर दहापैकी आठ वेळा वाट सापडते.

तोडण्याआधी पाहणी

नवीन मालक सहसा पहिल्याच आठवड्यात यंत्र लावून सगळे साफ करतो. तसे करू नये, कारण वाळलेले फुलोरे, मेलेले बुंधे आणि बुंध्याभोवती साचलेल्या सुक्या पानांचे थर हा ओळखीचा निम्मा पुरावा असतो. फुलून मेलेल्या अगेव्हचा, म्हणजे घायपाताच्या भाऊबंदांपैकी एखाद्या झाडाचा, पडलेला दांडा मोजता आला, त्याच्या फांद्या कशा होत्या हे पाहता आले, तर शेजारी उभ्या असलेल्या पिल्लांचे नाव फूल न पाहताही सांगता येते.

त्या भागात उतारावर सुक्या दगडांचे बांध घालून ताली केलेल्या असतात. कोकणातला गडगा ज्याने पाहिला आहे, त्याला ही रचना लगेच ओळखीची वाटेल. आधी या तालींचा साधा नकाशा काढावा, वरून खाली त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक झाडाला तालीच्या क्रमांकासह एक खूण द्यावी. कागदी चिठ्ठी एका पावसाळ्यात जाते; ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर टोकदार खिळ्याने कोरलेला आकडा टिकतो. सोबत जाड चामडी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, चिमटा आणि धारदार चाकू घ्यावा. प्रत्येक झाडाची पाच छायाचित्रे पुरेशी होतात: पूर्ण झाड, शेजारी मोजपट्टी ठेवून एक पान, पानाची कड, बुंधा, आणि फूल किंवा फुलाचा वाळलेला अवशेष.

पाहणीचा काळ निवडताना महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला आपली सवय उलटी करावी लागते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून आफ्रिकेतून आलेल्या ॲलोंचे, म्हणजे कोरफडीच्या गोतावळ्यातल्या झाडांचे, बरेचसे फूल डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, फांदीच्या टोकाला पानांचा कमळासारखा गुच्छ धरणाऱ्या, कॅनरी बेटांवरच्या एओनियमची वाढही थंडीतच होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच एओनियम खालची पाने टाकून, उरलेली मिटून, मेल्यासारखे उभे राहते. मे-जूनमध्ये फड्या निवडुंग फुलतो आणि त्याच सुमारास अगेव्हचे दांडे वर निघतात. एकाच भेटीत सगळे ओळखण्याचा हट्ट धरू नये. फेब्रुवारीत एक आणि जूनमध्ये एक अशा दोन फेऱ्या कराव्यात.

चीक, काटा आणि निवडुंग या शब्दाचा घोटाळा

मराठीत आपण काटेरी, बिनपानाच्या, हिरव्या खोडाच्या जवळजवळ प्रत्येक झाडाला निवडुंग म्हणतो. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिकेतला कॅक्टस आहे, तर कुंपणाला लावला जाणारा त्रिधारी निवडुंग युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला आहे. दोघांचा परस्परांशी कसलाही जवळचा संबंध नाही. बोलताना हे चालून जाते, पण अशा बागेत हाच शब्द घोटाळा करतो. मी स्वतः पहिल्या वर्षी एका तालीवरच्या तीन मीटर उंच, दीपमाळेसारख्या झाडाची नोंद बिनदिक्कत कॅक्टस म्हणून केली होती. तीन महिन्यांनी वादळाने त्याची एक फांदी मोडली आणि जखमेतून दुधासारखा चीक ओघळत खालच्या दगडापर्यंत गेला, तेव्हा वहीतली ती नोंद खोडावी लागली.

म्हणून पहिली कसोटी चिकाची. खोडाच्या कडेला, नजरेत न भरणाऱ्या जागी, चाकूच्या टोकाने अगदी बारीक चीर द्यावी. पांढरा चीक लगेच बाहेर आला तर ती युफोर्बिया समजावी. पारदर्शक, बुळबुळीत पाणी आले तर कॅक्टस असण्याचा संभव मोठा. ही कसोटी चष्मा घालूनच करावी, कारण हा चीक डोळ्यात गेला तर भयंकर जळजळ होते आणि दृष्टीलाही इजा होऊ शकते. चाकू लगेच पुसावा आणि हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये.

दुसरी कसोटी काट्याच्या बुडाची आहे आणि तिला जखम करावी लागत नाही. कॅक्टसचा प्रत्येक काटा एका लहानशा केसाळ गादीतून उगवतो. भिंगाखाली ती लोकरीच्या ठिपक्यासारखी दिसते आणि तिच्यातूनच फूल व नवी फांदीही फुटते. युफोर्बियाला अशी गादी नसते. तिचे काटे बहुधा जोडीने, धारेवरच्या कडक पट्टीतून निघतात. कॅनरी बेटांवरची युफोर्बिया कॅनॅरिएन्सिस चार-पाच धारांच्या, तळापासून फुटलेल्या खांबांचे बेट करते. आफ्रिकेतल्या उंच युफोर्बियांना मात्र एक जाड बुंधा असतो आणि फांद्या वरच्या भागात दीपमाळेसारख्या वळतात. जुन्या बागांमध्ये या दुसऱ्या गटातल्या अनेक झाडांवर चुकीची नावे लागलेली असतात, त्यामुळे फळ-फूल पाहिल्याखेरीज गटापुढे जाऊ नये.

घायपात की कोरफड

बागेत सर्वांत आधी डोळ्यात भरतात ते तलवारीसारख्या पानांचे मोठे गुच्छ. ते अमेरिकेतल्या अगेव्हचे, म्हणजे आपल्या घायपाताच्या भाऊबंदांचे आहेत, की आफ्रिकेतल्या ॲलोचे, म्हणजे कोरफडीच्या गोतावळ्यातले, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक जुने, खालचे पान आडवे कापावे. अगेव्हच्या पानात लांब, चिवट धागे असतात आणि चाकू त्यांना अडतो. ज्याच्यापासून दोर वळतात तो घायपाताचा धागा हाच. ॲलोचे पान काकडीसारखे सहज कापले जाते, सालीलगत कडू, पिवळसर रस येतो आणि मध्ये स्वच्छ गर दिसतो. अगेव्हच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे उघड्या हाताने पान कापणाऱ्याच्या त्वचेला तासाभरात खाज आणि पुरळ येऊ शकते. इथेही हातमोजे काढू नयेत.

फुलोरा असेल तर कापण्याचीही गरज नाही. अगेव्हचा दांडा गुच्छाच्या ऐन मध्यातून निघतो आणि फुलल्यावर तो गुच्छ मरतो. ॲलोचा दांडा पानांच्या बेचक्यातून, बाजूने निघतो आणि झाड दरवर्षी फुलत राहते. म्हणून मोठा मेलेला गुच्छ मध्ये आणि भोवती वेगवेगळ्या वयाची पिल्ले, असे बेट दिसले की ते अगेव्ह म्हणून नोंदवायला हरकत नाही.

अगेव्हमध्ये सर्वत्र आढळणारी जात अगेव्ह अमेरिकाना. तिची करडी-निळी पाने दीड-दोन मीटरपर्यंत जातात, दहा ते तीस वर्षांनी सहा-आठ मीटर उंच दांडा निघतो आणि त्याच्या आडव्या फांद्यांच्या टोकांना पिवळट फुलांचे झुपके बसतात. पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचा प्रकारही याच जातीचा असतो. या पानांच्या पाठीवर एक नक्षी असते. मधल्या कोंबात पाने एकमेकांना घट्ट चिकटून वाढत असताना शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा उमटतो आणि पान उघडल्यावरही तो राहतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बोट फिरवले तर एकात एक बसवलेल्या करवतींच्या दोन रेषा हाताला जाणवतात. हा ठसा सर्वांत ठळक दिसतो तो अगेव्ह फ्रान्झोसिनीवर. तिची पाने जवळजवळ पांढरी, खरखरीत आणि अमेरिकानापेक्षाही मोठी असतात, आणि जुन्या रिव्हिएरा बागेतली सर्वांत देखणी अगेव्ह कोणती असे विचारले तर मी तिचेच नाव घेईन. पान गडद हिरवे, बुडाशी फार जाड, टोक नागमोडी वळलेले आणि दांड्यावर मोठ्या मांसल खवल्यांची दाट वीण असेल, तर ती अगेव्ह साल्मियाना समजावी.

काटेच नसलेली, मऊ, फिकट हिरव्या पानांची, बुंध्यावर उचललेली आणि दांडा कमानीसारखा खाली वाकवणारी अगेव्ह ॲटेनुआटा ओळखायला दुसरे काही लागत नाही. फुर्क्रिया मात्र फसवते. तीही अगेव्हसारखीच दिसते, पण तिची फुले हिरवट-पांढरी आणि खाली लोंबणारी असतात, तर अगेव्हच्या फुलांची तोंडे वर असतात. फुर्क्रियाच्या दांड्यावर फुले गळल्यानंतर शेकडो छोटी रोपटी तयार होतात, पण केवळ त्यावरून निर्णय करू नये, कारण सिसाल अगेव्हच्या दांड्यावरही ती येतात.

नाव ठरवण्याआधी अगेव्ह जिवंत आहे ना, हेही पाहावे. सोंड्या भुंग्याच्या जातीचा सायफोफोरस हा किडा अलीकडच्या दशकांत भूमध्य किनाऱ्यावर पसरला आहे. त्याच्या अळ्या बुंधा आतून पोखरतात, बाहेरची पाने जमिनीवर निपचित पडतात आणि मधला कोंब काही दिवस ताठ उभा राहतो. तो कोंब हाताने ओढला की सडलेल्या वासासह सहज सुटून येतो. असे बेट फुलून मेलेले नाही, हे नोंदीत स्पष्ट लिहावे.

ॲलोंमध्ये ॲलो आर्बोरेसेन्स ही या किनाऱ्याची जणू रहिवासीच झाली आहे: दोन-तीन मीटरचे फांद्या फुटलेले झुडूप, अरुंद वाकडी पाने, कडेला फिकट दात आणि ऐन थंडीत शेंदरी-लाल, बिनफांदीचे तुरे. पानांवर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे आणि फुलांचा माथा छत्रीसारखा सपाट असेल तर ती ॲलो मॅक्युलाटा. एकच जाड बुंधा, खाली मेलेल्या पानांचा घागरा आणि मेणबत्त्यांच्या झाडासारखा फुलोरा असेल तर ॲलो फेरॉक्सचा विचार करावा. कुंपणावर चढलेल्या, बोटाएवढ्या जाड खोडाच्या वेलीवर पानाच्या बुडाशी बारीक पांढऱ्या केसांची झालर दिसली तर ती ॲलोयाम्पेलॉस सिलिआरिस होय. आपली औषधी कोरफड, जिला बहुधा पिवळी फुले येतात, तिथे मला वाटले होते त्यापेक्षा कमी आढळली. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी: ॲलोंचा आपसांत सहज संकर होतो आणि शंभर वर्षे शेजारी वाढलेल्या जातींच्या बियांतून निघालेले झाड कोणत्याच वर्णनात नीट बसत नाही. अशा ठिकाणी “ॲलो, संकर, आर्बोरेसेन्ससदृश” एवढे लिहिणे हेच प्रामाणिक उत्तर आहे.

फड्या निवडुंग

मोठे अंडाकृती फड, काटे जवळजवळ नाहीत, फुले पिवळी-नारिंगी आणि फळे खाण्याजोगी, असे वर्णन जुळले की ते ओपुंशिया फायकस-इंडिका. जवळजवळ गोल, निळसर, जाड फड ओपुंशिया रोबुस्टाचे. पातळ, चकचकीत हिरवे फड ओपुंशिया मोनाकान्थाचे. फड नसून उभी, काकडीसारखी गोल खोडे आणि त्यांवर वर्षभर टिकणारी टोकदार पाने असतील तर ती ऑस्ट्रोसिलिंड्रोपुंशिया. बिनकाट्याचा फड दिसला तरी उघड्या हाताने धरू नये, कारण त्याच्या गाद्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारी कुसळे असतात. माझ्या सदऱ्याच्या बाहीत अडकलेली ती कुसळे धुतल्यानंतरही आठवडाभर टोचत राहिली. चिकटपट्टीने काढणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे.

फडावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि ते काडीने चिरडल्यावर किरमिजी रंग निघाला तर तो कोचिनिलचा किडा. याचा भारताशीही जुना संबंध आहे. १७९५ साली रंगाचा खरा किडा समजून दुसरीच एक जात भारतात आणली गेली. रंग काही मिळाला नाही, पण त्या किड्याने ओपुंशिया मोनाकान्थाची माजलेली बेटे मात्र साफ केली. नोंद करताना किड्याचे छायाचित्रही घ्यावे आणि किडलेले फड दुसऱ्या तालीवर नेऊन टाकू नयेत.

लहान गुच्छ आणि जमिनीवरचे गालिचे

फांदीच्या टोकाला कमळासारखा पानांचा गुच्छ दिसला तर एओनियम आणि एचेव्हेरिया यांत गल्लत होते. नियम वर सांगितलेलाच, फक्त लहान आकारात: एओनियमचा फुलोरा गुच्छाच्या मध्यातून निघतो आणि ती फांदी मरते, एचेव्हेरियाचा दांडा बाजूच्या पानाच्या बेचक्यातून येतो. एओनियमच्या पानांच्या कडेला भिंगातून बारीक केस दिसतात, हीही एक खूण आहे. एओनियम आर्बोरियमचा पिवळा शंकू फेब्रुवारीनंतर दिसू लागतो. त्याचाच जांभळट काळा प्रकार सावलीत हिरवा पडतो, म्हणून रंगावरून वेगळी जात धरू नये.

जेड नावाने घरोघरी कुंडीत दिसणारे क्रासुला ओव्हाटा तिथे माणसाच्या छातीपर्यंत वाढलेले असते. पाने गोल, चंदेरी आणि लाल कडेची असतील तर ते क्रासुला आर्बोरेसेन्स. त्याच्यासारख्याच करड्या पानांच्या कोटिलेडॉन ऑर्बिक्युलाटाला नारिंगी घंटा खाली लोंबतात.

बांधावरून खाली झेपावणारे हिरवे गालिचे कार्पोब्रोटसचे. त्याचे पान आडवे कापून पाहावे. काप समभुज त्रिकोणासारखा, फूल पिवळे आणि कोमेजताना गुलाबी होणारे असेल तर कार्पोब्रोटस एड्युलिस. पान तलवारीसारखे मध्ये रुंद, फूल मोठे आणि गडद किरमिजी असेल तर ॲसिनॅसिफॉर्मिस. मात्र या दोन्हींचाही संकर होतो. उतारांची माती धरून ठेवण्यासाठी लावलेली ही वनस्पती आता किनाऱ्यावरच्या मूळ वनस्पतींना गुदमरवते आणि भूमध्य समुद्राच्या अनेक किनाऱ्यांवर ती उपटून काढण्याच्या मोहिमा झाल्या आहेत. काढलेले तुकडे कुंपणापलीकडे टाकले तर ते तिथेच मूळ धरतात.

नाव पक्के करताना

जुन्या बागेत कधी जस्ताची, कधी चिनीमातीची नामपट्टी सापडते आणि आनंद होतो. पण पट्टी ज्या झाडाची होती ते झाड मरून शेजाऱ्याने जागा घेतलेली असू शकते. शिवाय नावेही बदललेली असतात: पट्टीवरचे सेम्पर्व्हिव्हम आर्बोरियम म्हणजे आजचे एओनियम आर्बोरियम, मेसेम्ब्रियान्थेमम एड्युली म्हणजे कार्पोब्रोटस एड्युलिस आणि ॲलो सॅपोनारिया म्हणजे ॲलो मॅक्युलाटा. पट्टीवरचे नाव जसेच्या तसे वहीत उतरवावे, आजचे नाव त्यापुढे लिहावे आणि दोन्ही झाडाशी जुळतात का ते स्वतंत्रपणे तपासावे.

प्रत्येक नोंदीपुढे खात्रीची पायरी लिहिण्याची सवय लावावी: कूळ नक्की, प्रजाती (म्हणजे अगेव्ह, ॲलो असा गट) नक्की, जात संभाव्य, जात नक्की. मोबाइलवरची ओळख सांगणारी ॲप्स पहिल्या अंदाजाला उपयोगी पडतात, पण अगेव्हची पिल्ले आणि ॲलोचे संकर यांबाबत ती आत्मविश्वासाने चुकतात. त्यापेक्षा ला मोर्तोला येथे किंवा, खुले असेल तर, १९३३ साली उघडलेल्या मोनॅकोच्या निवडुंग उद्यानात जाऊन, नाव लावलेल्या झाडाशेजारी उभे राहून आपली पाच छायाचित्रे ताडून पाहणे जास्त भरवशाचे आहे. जात अडलीच तर फूल, पान आणि मोजमापे घेऊन विद्यापीठातल्या वनस्पतितज्ज्ञाकडे जावे.

ओळख पटल्यावर एखादे पिल्लू पुण्या-नाशिकच्या गच्चीवर न्यावे, असे वाटणे साहजिक आहे. जवळजवळ सर्व कॅक्टस, जवळजवळ सर्व मांसल युफोर्बिया आणि औषधी कोरफड वगळता सगळे ॲलो, धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, त्यामुळे थोडे अपवाद सोडले तर त्यांची फांदीसुद्धा परवान्याशिवाय सरहद्दीपार नेता येत नाही. बहुतेक अगेव्ह त्या यादीत नाहीत. तरीही भारतात कोणतेही जिवंत रोप आणण्यासाठी आयात परवाना आणि निघण्याच्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि बुंध्यात सोंड्याची अळी लपलेली असू शकते, हे लक्षात घेता तो नियम जाचक वाटू नये. त्याच बागेतल्या दुसऱ्या तालीवर पिल्लू लावायचे असेल, तर ते बुंध्यापासून तोडून आठवडाभर सावलीत सुकू द्यावे, चिरलेल्या जागेवर कोरडी खपली धरली की उन्हाळा संपल्यावर, पहिल्या पावसाच्या सुमारास, पाणी न साचणाऱ्या दगडगोट्यांच्या मातीत बसवावे, आणि ॲल्युमिनियमची पट्टी नव्या क्रमांकासह त्याच दिवशी बांधावी.